आमचा हॉल आणि नयन मढवीच्या पेट्या

हॉलमधली सोफ्याजवळची एक लादी पाय पडला की ‘ढब्’ म्हणायची. बाकीच्या सगळ्या ‘टक्’ म्हणायच्या. हा फरक एकदा कानाला कळला की मग माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. घरातलं कोणी उठलं की आपण हातातला घास हातातच धरून वाट बघतो. टक्, टक्, टक्, ढब्. माझी बायको रुचिता ती लादी ओलांडून जायला लागली. कॉलेजात जाणारी आमची कन्या अंतरा मुद्दाम तिच्यावर उडी मारून जायला लागली. शेवटी मी जाहीर केलं, “या रविवारी ती लादी मी स्वतः बदलणार आहे.”

रुचिताने टीव्हीचा आवाज बंद केला. “स्वतः म्हणजे?”

“स्वतः म्हणजे मी. विनीत चौबळ.”

“बरं,” ती म्हणाली, आणि सोफ्यावरच्या उशा आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. रविवारला अजून बराच अवकाश होता.

मी एका विमा कंपनीत क्लेम्स बघतो. लोकांच्या नुकसानीचा अंदाज बांधणं हा माझा पेशा आहे. त्यामुळे आपल्या हातून फार नुकसान होणार नाही असा माझा प्रामाणिक समज होता. टेंभी नाक्याजवळच्या दुकानातून एक छिन्नी आणि एक हातोडी आणली, डोक्याला रुमाल बांधला, आणि लादीच्या बरोबर मध्ये पहिला घाव घातला. लादी फुटली नाही. शेजारची फुटली. शेजारचीकडे वळलो तर तिच्या पलीकडच्या दोघींना तडे गेले. जेवायच्या वेळेपर्यंत आमच्या हॉलमध्ये जे भगदाड पडलं होतं त्याचा आकार पालघर वेगळा व्हायच्या आधीच्या ठाणे जिल्ह्यासारखा होता. मूळ लादी मात्र जिल्ह्याच्या मुख्यालयासारखी आपल्या जागी शाबूत होती.

एवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे मधुकाका गोठोसकर. हे आमच्या कोपरीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

“विनीत, आमचा पंखा हलतोय.”

“चालू असेल, काका.”

“बंद आहे.” त्यांनी आत डोकावलं. “एनओसी घेतलीस?”

“एका लादीसाठी?”

मधुकाका भगदाडाच्या काठावर उभे राहिले आणि धरणाची पाहणी करावी तसे हात मागे बांधून बघत राहिले. “एक लादी म्हणजे किरकोळ दुरुस्ती. हे किरकोळ नाही. हे अंतर्गत बदलात येतं. अर्ज वेगळा, कमिटी वेगळी, डेब्रिज उचलायची परवानगी वेगळी. आणि काम करणाऱ्या माणसाची पडताळणी. तुझी नको. तुला आम्ही ओळखतो. म्हणून तर आलो.”

त्या संध्याकाळी सल्ल्यांना ऊत आला. वरच्या मजल्यावरून गालिचा टाकायचा सल्ला आला. समोरच्यांनी भगदाडाची दिशा होकायंत्राने तपासून ती ईशान्य असल्याचं सांगितलं, आणि हे चांगलं की वाईट हे न सांगताच गेले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी असंच भगदाड त्यांच्या साडूकडे पडलं होतं असं सांगितलं. पुढे साडूंचं काय झालं विचारलं तर म्हणाले, “जाऊ दे, आता कशाला.”

तसलीच लादी मिळेल म्हणून फुटका तुकडा पिशवीत घालून मी कल्याणला गेलो. तिथल्या घाऊक बाजारातल्या दुकानदाराने तो तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि आत हाक मारली. आतून त्याचे वडील आले. त्यांनीही बघितलं. “ही लादी मीच विकायचो,” ते गहिवरून म्हणाले. “आता ती कंपनी नाही, ते डिझाइन नाही. तुकडा इथंच ठेवू का?” ठेवला. तात्पर्य, हॉलच्या सगळ्या लाद्या बदलायच्या ठरल्या.

माणूस शोधला अंतराने. तिने फोन पुढे केला. “बाबा, हा बघ. इथलाच आहे, ठाण्याचा. सगळे फॉलो करतात ह्याला.”

फोनमध्ये चेहरा नव्हता. नुसते दोन हात होते. त्या हातांनी एक भलीमोठी लादी एका लोखंडी रुळांच्या चौकटीवर ठेवली, वरून एक छोटं चाक हळूच सरकवलं, कागदावर पेन फिरवावं तेवढाच आवाज आला. मग दांडी किंचित दाबली. कट्. लादीचे दोन भाग झाले. धूळ नाही, तुकडा नाही, आरडाओरडा नाही. रुचिताने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी केलेल्या कुठल्याही गोष्टीकडे तिने अशा नजरेने पाहिलेलं मला आठवत नाही.

“बोलवा ह्याला,” ती म्हणाली.

तो आला त्या सकाळी सोसायटीच्या गेटमध्ये एक काळी गाडी शिरली. शिरली म्हणजे मावली. आतून एक उंच, धिप्पाड तरुण उतरला. पांढरे बूट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, डोळ्यांवर गॉगल. वॉचमनने सलाम ठोकला. पाच मिनिटांत बातमी पसरली की रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डर आला आहे. मधुकाका केस विंचरून, सोसायटीची फाईल काखेत मारून धावत खाली गेले. कमिटीचे दोघं त्यांच्या मागे.

“या, या. प्लॅन आणलाय का?” मधुकाकांनी विचारलं.

“प्लॅन कसला, काका? लादीचं काम कोणाकडे आहे?” तो म्हणाला, आणि डिकी उघडली.

हा नयन मढवी. मिठबंदर रोडच्या बाजूला ज्या मढवींच्या इमारतींची रांग आहे त्या मढवींचा एकुलता एक नातू. आजोबांच्या काळात मिठागरात राबलेलं घर. पुढे जमिनींना भाव आले आणि घराचा बंगला झाला. भाड्यावर सात पिढ्या बसून खातील. आणि हा पोरगा लोकांच्या घरी गुडघे टेकून लाद्या बसवतो, कारण त्याला ते आवडतं. हे समजल्यावर माझी पहिली अडचण व्याकरणाची झाली. कामाला आलेल्या तरुण माणसाला मी सहसा ‘अरे’ म्हणतो. पण ज्याच्या वडिलांच्या इमारतीत माझा साहेब भाडेकरू आहे त्याला ‘अरे’ कसं म्हणणार? ‘अहो’ म्हणावं तर तो मला ‘काका’ म्हणतो. शेवटी मी सगळी वाक्यं कर्त्याशिवाय बोलायला लागलो. “चहा घ्यायचा का? पंखा लावायचा का?”

“काका, टेन्शन नका घेऊ,” तो म्हणाला. “बसा बाजूला. बघा.”

आणि त्याने पेट्या उघडल्या.

मला हे नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर हत्यारं म्हणजे गोणपाटात गुंडाळलेली, सिमेंटने माखलेली, एकमेकांवर आदळणारी. इथे काळ्या फोममध्ये प्रत्येकाची आपापल्या आकाराची खाच होती आणि त्यात ती झोपली होती. दात्यांच्या थाप्या, बारीक दातांपासून मोठ्या दातांपर्यंत, ओळीने. पांढऱ्या रबराचा हातोडा. काटकोन बघायचा गुण्या, आरशासारखा पुसलेला. पाण्याची धार सोडत कापणारं कटर, हातात मावेल एवढं ग्राइंडर. आणि दोन मोठे काळे रबरी वाडगे, वर मूठ असलेले. नयनने त्यातला एक लादीवर टेकवला, वरचं बटण चार-दोनदा दाबलं, आणि मला म्हणाला, “उचला.”

मी मूठ धरून उचललं. लादी उठली. तिला ना दोरी, ना आकडा, ना डिंक. नुसती हवा काढून घेतली होती. माझ्या हाताखाली ती भली थोरली लादी अधांतरी तरंगत होती आणि मी, क्लेम्स बघत आयुष्य घालवलेला माणूस, तिच्याकडे बघत तोंड उघडं टाकून उभा होतो.

“बाबा, खाली ठेव,” अंतरा म्हणाली. “पायावर पडेल.”

मी ठेवली, आणि लगेच पुन्हा उचलून पाहिली.

मग त्याने पडदे ओढले आणि खोलीच्या मध्यभागी एक डबी ठेवली. डबीतलं काहीतरी क्षणभर डुललं, स्थिर झालं, आणि आमच्या हॉलच्या चारही भिंतींवर एकदम लेसरची हिरवी रेघ उमटली. खिडकीवरून, कपाटावरून, देव्हाऱ्याच्या खालून, दारावरून, जिथून निघाली तिथेच परत. इतकी सरळ गोष्ट मी आमच्या घरात कधी पाहिली नव्हती. रुचिताने नकळत डोक्यावर पदर घेतल्यासारखा हात नेला. ती कुर्त्यात होती. त्या रेघेपुढे सगळं उघडं पडलं. फरशी स्वयंपाकघराकडे उतरत होती. खिडकीची चौकट एका बाजूला कलली होती. आणि मी स्वतः खिळे ठोकून लावलेली फोटोंची रांग, जी सरळ आहे असं मी कित्येक वर्षं छातीठोक सांगत आलो होतो, ती डोंबिवलीच्या पुलासारखी चढून उतरत होती.

“मी बोललेले,” रुचिता म्हणाली. एवढंच.

पुढचे काही दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. मी ऑफिसात पाठदुखी कळवली आणि स्टुलावर बसून राहिलो. नयन जुन्या लाद्या उपटायचा, खालचा तळ खरवडायचा. लांब दांडीच्या ड्रिलला लावलेल्या पात्याने बादलीत लादी चिकटवायचा मसाला घोटायचा, इतका एकजीव की रुचिताने एकदा त्यात बोट बुडवायला हात पुढे केला. मग दात्यांची थापी फिरली की मसाल्यावर शेतातल्या नांगरटीसारख्या सरळ सऱ्या उठायच्या. वर लादी, वर रबरी हातोडा. टप्, टप्, टप्. कान लावून ऐकायचा. मान हलवायचा. पुढची. बिल्डिंगमधली माणसं येऊन दारात उभी राहायला लागली. वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्ची आणली. गालिच्याचा सल्ला देणारे तेच. त्यांच्या तोंडी आता गालिच्याचं नावही नव्हतं.

आम्ही तिघं बेडरूममधल्या पलंगावर राहत होतो, जेवत होतो, भांडत होतो. सोफा मधुकाकांकडे ठेवला होता. माझी तक्रार नव्हती.

घात केला तो पडताळणीने. मधुकाकांनी नयनचा पत्ता मागितला, त्याने दिला, आणि सोबत घरचा नंबरही दिला, कारण पोरगा भोळा. मधुकाकांनी नियमाप्रमाणे फोन लावला. ते मला नंतर म्हणाले की त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत विचारलं होतं, “नयन मढवी नावाचा लादी कामगार आपल्याकडेच राहतो ना?”

पलीकडे फोनवर ठमाबाई होत्या. नयनची आई.

तासाभरात त्या आमच्या दारात होत्या. भरजरी साडी, कोपरापर्यंत बांगड्या, आणि जिना चढून आल्याने लागलेली धाप. त्यांना लिफ्ट दिसलीच नाही इतका राग होता. नयन गुडघ्यांना पॅड बांधून जमिनीवर वाकला होता. केसांत पांढरी धूळ.

“यो रं काय?” त्या म्हणाल्या.

नयन उठला. एवढा धिप्पाड माणूस एकदम शाळेतला झाला. “आये...”

“माना बोलतंस, आफिसान जातंय. भाड्याचा हिशोब बघतंय. आनि यो? लोकांच्या घरान लाद्या? उद्या तुला बगायला करिश्माचे घरची मानसा येतान, साऱ्या गावान सांगलंय मी, माजा पोऱ्या काडी हालवीत नाय म्हनून! चल. गारीन बस.”

“आये, एवढी रांग पुरी करू दे. मसाला सुकेल.”

“सुकू दे.”

मी मध्ये पडलो. “अहो बाई, पण आमचा हॉल...”

ठमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्यांनी मला स्टूल समजलं असावं. “तुमी मोठी मानसा. पोऱ्याला राबवताना लाज नाय वाटली?” आणि त्याला घेऊन गेल्या. तो जाताना मागे वळून बघत होता. आमच्याकडे नाही, पेट्यांकडे.

पेट्या आमच्याकडेच राहिल्या. अर्धा हॉल झाला होता, अर्धा नव्हता. नयनचा फोन बंद. मधुकाकांनी काम बंद पडल्याची नोंद घेतली आणि मुदतवाढीचा अर्ज करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेट्यांसमोर बसलो. खरंच सांगतो, मला फक्त बघायचं होतं. पण कटरची मूठ हातात इतकी नेमकी बसली की पुढचं आपोआप झालं. मी कटर लावलं, पाण्याची नळी जोडली, लादीवर रेघ मारली आणि बटण दाबलं. जे निघालं ते वाघासारखं निघालं. लादी कापली गेली, पण रेघेशी तिचा काही संबंध नव्हता. चक्रावरून उडालेला राखाडी चिखल आधी माझ्या चष्म्यावर, मग पंख्यावर, मग छतावर गेला. घाबरून मी कटर खाली ठेवलं आणि आधारासाठी जे हाताला लागलं ते धरलं. तो रबरी वाडगा होता. मी तो बाजूच्या स्टीलच्या कपाटाला टेकवला आणि, का देव जाणे, बटण दाबलं.

कपाटाचं दार त्यानंतर उघडेना. एका दारावर टेकलेला वाडगा दुसऱ्या दारावरही अर्धा बसला होता. माझे ऑफिसचे सगळे कपडे आत. मी मूठ ओढली, कपाट माझ्याकडे यायला लागलं. रुचिता आली, तिने छत पाहिलं, पंखा पाहिला, मला पाहिलं. मग वाडग्याच्या कडेची एक बारीक जीभ नखाने उचलली. फुस्स. वाडगा तिच्या हातात आला. तो तिने पेटीतल्या त्याच्या खाचेत ठेवला आणि झाकण लावलं.

“ह्या पेट्या त्याच्या घरी पोचवायच्या,” ती म्हणाली. “आणि हात जोडून सांगायचं, पोराला पाठवा. मी येते. तू बोलायचं नाहीस.”

रिक्षात पेट्या मांडीवर घेऊन आम्ही मढवींच्या बंगल्यावर गेलो. मी चिखल उडालेला शर्ट घालूनच होतो. कपाट उघडलं होतं, पण बदलायचं भान नव्हतं. गेटवर सिमेंटचे दोन सिंह, अंगणात मांडव घातलेला. आम्ही पायरी चढतो न चढतो तोच मागून दोन गाड्या आत आल्या. करिश्माच्या घरची माणसं. ठमाबाई दारात ओवाळायला ताट घेऊन उभ्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा झाला की ताटातला दिवा विझतो की काय.

“तय कोपऱ्यान बसा,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “बोलू नका. पेट्या सोफ्याचे मागं.”

आम्ही बसलो. हॉल म्हणजे आमची अख्खी सोसायटी मावेल एवढा. एकेक लादी जेवणाच्या टेबलाएवढी, पांढरीशुभ्र. खुर्चीत नयनचे आजोबा नाथाबाबा बसले होते, पायाखाली काठी आडवी ठेवून. नयन रेशमी कुडत्यात, मान खाली. समोर करिश्मा, वडिलांच्या शेजारी. वडील बांधकामाच्या साइट घेणारे.

मे महिन्यातली दुपार होती. मला एकदम जाणवलं की मी कोपऱ्यापर्यंत चालत येताना पायाखाली काहीतरी वेगळं वाजलं होतं. टक् नाही. मी चप्पल काढलेल्या टाचेने हळूच ठोकून पाहिलं. ढब्. पलीकडे ठोकलं. ढब्. रुचिताने मला कोपर मारलं. मी नयनकडे बघितलं. तो माझ्या टाचेकडेच बघत होता.

“आमचा नयन काय्येक काम करीत नाय,” ठमाबाई अभिमानाने सांगत होत्या. “देवाचं दिलेलं सगलं हाय. पानी पन हातान घेत नाय.”

करिश्माने पेला खाली ठेवला. शेजारी बसलेल्या आपल्या आईकडे वळून ती हळू आवाजात काहीतरी बोलली. तिच्या आईचा चेहरा पडला. मी त्यांच्या मागच्याच कोपऱ्यात होतो, मला शब्द ऐकू आले: “मी बोललेले ना तुला. नकोच.”

आणि तेवढ्यात बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला.

हॉलच्या मधोमध दोन लाद्या जमिनीवरून उसळल्या आणि एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या. बायका किंचाळल्या. कोणीतरी पाहुणा बाहेर धावला. पाठोपाठ जमिनीतून कर्र... कर्र... असा आवाज पुढे सरकायला लागला, बर्फ तडकतो तसा. तो आवाज नाथाबाबांच्या खुर्चीच्या दिशेने चालला होता.

“कोणी हलू नका!” हा आवाज नयनचा होता. पण आधीचा नयन नव्हता हा. “जिथं आहात तिथं उभे राहा. बाबा, पाय वर घ्या. काका, पेट्या!”

काका म्हणजे मी. पेट्या मी उघडल्या, आणि त्यातलं काय काय आहे हे मला पाठ होतं. त्याने नुसता हात मागे केला आणि मी त्यात रबरी हातोडा दिला. तो कुडता खोचून जमिनीवर पालथा पडला, कान लादीला लावला, ठोकत ठोकत सरकत गेला. टप्. टप्. ढब्. “इथून दाब येतोय. कडेला गॅपच सोडलेली नाही. किती वर्षं बोलतोय मी.”

“उन्हात लादी फुगते, तिला जागाच नाही,” करिश्मा एकदम म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. ती उठली, आपल्या ओढणीचं टोक कमरेत खोचलं, आणि भिंतीकडे बोट केलं. “त्या बाजूने कापलं तर?”

“तेच करतोय,” नयन म्हणाला. “ग्राइंडर.”

मी ग्राइंडर दिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या बाजूला बसली आणि चाकावर बारीक धार धरली. त्याने भिंतीलगतचा जोड कापायला सुरुवात केली. ठिणग्या, चिखल, कान फाडणारा आवाज. माझ्या हातून असल्याच हत्याराने छत माखलं होतं. त्याच्या हातात ते सुतासारखं सरळ चाललं होतं. भिंतीच्या कडेने बोटभर रुंदीची खाच पडत गेली. आणि ती खाच नाथाबाबांच्या खुर्चीसमोर पोचली तेव्हा सगळ्या हॉलने एक मोठा सुस्कारा टाकला. अक्षरशः. जमीन सुटली. कर्र कर्र थांबली. सगळ्या लाद्या केसभर सरकल्या आणि निवांत झाल्या.

नयनने दोन्ही रबरी वाडगे तंबूच्या एका लादीवर टेकवले, हवा ओढली, आणि जेवणाच्या टेबलाएवढी ती लादी अल्लद उचलून भिंतीशी उभी केली. नंतर दुसरी. ठमाबाई ओवाळायचं ताट अजून हातातच धरून उभ्या होत्या. आपल्या पोराला असं काही करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मीही असाच उभा राहिलो होतो, त्या पहिल्या दिवशी.

शेवटी नाथाबाबा बोलले. पाय अजून खुर्चीवरच होते. “ठमे, मीठ कसं पिकवायचे आमी? चिखल पायान तुडवून तुडवून सपाट करायचा. जरा कुठं उंच-खाल राहिली, तर पानी एका कोपऱ्यान जमायचा, मीठ धरायचा नाय. दिसभर वाकून जमीनच सपाट करायची. आमचा तोच धंदा व्हता. यो निराला काय करतंय?”

करिश्माचे वडील लादीखालची उघडी जागा बघत उभे होते. “नयन, तुम्ही हे काम करता?”

नयनने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, “हो. रोज करतो. मला आवडतं.”

करिश्माच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखलाचे ठिपके होते. “मला घरी सांगितलेलं की मुलगा काहीच करत नाही,” ती हसून म्हणाली. “मी ‘नाही’ म्हणून सांगायलाच आलेले.”

ठमाबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पोराकडे. मग ताट रुचिताच्या हातात देऊन त्या खाली बसल्या. पदराने नयनच्या केसांतली धूळ झटकायला लागल्या. ती निघत नव्हती. उलट पसरत होती.

“कोनचे शेंपून धुतंस रं हे?” एवढंच त्या म्हणाल्या.

आमचा हॉल पुढच्या आठवड्यात पुरा झाला. शेवटची लादी बसली तेव्हा मी, रुचिता आणि अंतरा दाराच्या उंबऱ्यावर उभे होतो आणि कोणाचंच पाय आत टाकायचं धाडस होईना. खिडकीतून आलेलं ऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका पातळीत पसरलं होतं, कुठेही न अडखळता. मधुकाका पाहणीला आले, काम पूर्ण झाल्याचा दाखला लिहायला त्यांनी पेन काढलं, आणि मग खाली वाकून चप्पल काढली.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. ठमाबाई काम बघायला आल्या. या खेपेला लिफ्टने. हॉलच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसल्या, आणि तळहात लादीवरून फिरवत राहिल्या, जोड कुठे आहे ते शोधत. सापडेना. मग त्यांनी नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. मग जावेला. मग गावच्या मामीला. “माज्या पोऱ्यान केलंय,” त्या प्रत्येकीला सांगत होत्या, फोन जमिनीला टेकवून. “बग, बग, केस घालशील तर केस जाल नाय.” जाताना मला म्हणाल्या, “सोफा ठेवू नका इथं. दिसनार नाय.”

लग्न ठरल्यावर तर मढवींकडे येणारे सगळे पाहुणे आधी आमच्याकडे यायला लागले. नवऱ्या मुलाचं काम बघायला. रुचिता सरबत करून ठेवते. सोफा अजून मधुकाकांकडेच आहे, आणि त्यांनी त्यासाठी वेगळा अर्ज मागितलेला नाही. मी पाहुण्यांना सगळं समजावून सांगतो: ही थापी कशी फिरते, हवा ओढून लादी कशी उचलतात, हिरवी रेघ कशी डुलून स्थिर होते. हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

परवा उरणकडचे एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाकून लादीला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“आनि तुमी कोन? नयनचे हाताखाली का?”

विनीत चौबळ, सिनिअर असिस्टंट, क्लेम्स विभाग, या फ्लॅटचा मालक, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी खाली पाहिलं.

“मी?” मी म्हटलं. “मी या लाद्यांवर राहतो.”

“नशीबवान हाव तुमी,” ते म्हणाले, आणि मला वाट करून द्यायला दोन पावलं मागे सरकले.